हार्ट रेटचा पट्टा घ्यायचाय? आधी इंच टेप काढा

आमच्या सकाळच्या ग्रुपवर सारखं कोणी ना कोणी विचारतंच, हार्ट रेट मॉनिटर घ्यायचाय, कुठला घेऊ? मग एकेक जण सुरू होतो, अमक्याची बॅटरी चांगली, तमक्याचं अ‍ॅप भारी, ह्याला सध्या ऑफर चालू आहे, त्याचा रंग छान दिसतो. एवढी सगळी चर्चा होते पण विचारणाऱ्या माणसाच्या छातीचं माप किती, दंड किती जाड, मनगट किती बारीक, हे एकजण विचारत नाही. ब्लाऊज शिवायला टाकताना मापाशिवाय आपण एक पाऊल पुढं जात नाही आणि इथं चांगले काही हजार घालून अंगाला घट्ट बसायची वस्तू घेतो ती फोटो बघून. म्हणून आज सगळं एका जागी लिहून काढते, कारण फिटिंग नीट नसेल तर महागातला महाग मॉनिटरसुद्धा खोटे आकडे दाखवतो आणि फिटिंग नीट असेल तर साधा पट्टाही वर्षानुवर्षं इमानदारीत काम करतो, हे मी सोलापूरच्या पार्क मैदानावर बऱ्याच जणांच्या अंगावर बघितलंय.

आधी थोडं हे चालतं कसं ते, कारण ते कळलं की फिटिंगचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही.

छातीच्या पट्ट्याला आतल्या बाजूने दोन पट्ट्या असतात, रबरासारख्या गुळगुळीत किंवा कापडात विणलेल्या, ते इलेक्ट्रोड. हृदय प्रत्येक ठोक्याला जी बारीकशी वीज सोडते ती कातडीपर्यंत पोचते तेव्हा साधारण एक मिलिव्होल्टच्या आसपास असते, म्हणजे जवळपास काहीच नाही. एवढा नाजूक सिग्नल पकडायचा तर इलेक्ट्रोड कातडीला चिकटून पाहिजे, मध्ये हवा नको, कोरडेपणा नको, आणि तो जागेवरून सरकायला नको. डॉक्टर ईसीजी काढताना छातीला जेल लावतात ते ह्याच कारणासाठी. हा ईसीजी अंगावर बांधून पळता यावा अशी कल्पना फिनलंडमधल्या सेप्पो सायनायाकांगास नावाच्या प्राध्यापकांची, त्यांनी १९७७ मध्ये पोलर ही कंपनी काढली आणि १९८२ मध्ये वायर नसलेला, अंगावर घालायचा पहिला मॉनिटर बाजारात आला. बर्फावर स्की करणाऱ्या खेळाडूंना डोळ्यासमोर ठेवून बनवलेली वस्तू आज आपण सोलापूरच्या उन्हात घालतोय, त्यामुळे तिच्याशी थोडं आपल्या हवेप्रमाणे वागायला लागतं, ते पुढं सांगते.

मनगटावरच्या घड्याळाचं तंत्र वेगळं. त्याच्या पाठीमागं हिरवे दिवे लुकलुकतात ते बघितलं असेल. रक्त हिरवा प्रकाश शोषतं, ठोका पडला की मनगटात रक्त जरा जास्त येतं, तेवढा प्रकाश कमी परत येतो, आणि त्या चढउतारावरून घड्याळ ठोके मोजतं. म्हणजे घड्याळ आणि कातडी यांच्यामध्ये फट राहिली, बाहेरचा उजेड आत शिरला, किंवा घड्याळ हातावर नाचत राहिलं, की हिशोब बिघडला. हात हलल्याने होणारा बदल हा नाडीने होणाऱ्या बदलापेक्षा बराच मोठा असतो, त्यामुळे घड्याळाला त्या गोंधळातून ठोका शोधून काढावा लागतो.

दोन्हीकडे गोष्ट तीच आहे. नीट बसणं म्हणजे नुसता आराम नाही, आकडा बरोबर येणंच त्याच्यावर अवलंबून आहे.

आता माप. छातीच्या पट्ट्यासाठी माप कुठलं घ्यायचं इथंच बहुतेकांची गडबड होते. शर्टाच्या मापासाठी छातीच्या सगळ्यात भरीव भागावरून टेप फिरवतो ते माप इथं कामाचं नाही. पुरुषांनी छातीच्या स्नायूंच्या लगेच खाली, बायकांनी स्तनांच्या लगेच खाली, म्हणजे ब्राचा पट्टा जिथं बसतो तिथं, टेप जमिनीला समांतर ठेवून माप घ्यायचं. एकदा श्वास सोडून आणि एकदा पूर्ण श्वास भरून. पळताना श्वास जोरात चालतो, बरगड्या फुगतात, त्यामुळे दोन्ही मापं माहीत पाहिजेत. टेप कातडीला टेकलेली हवी पण आवळायची नाही, आणि मागं पाठीवर ती खाली घसरलीय का हे दुसऱ्या कुणाला तरी बघायला सांगा, एकटीने घेतलं की मागं हमखास तिरकी जाते.

मग कंपनीच्या साईटवर साइज चार्ट बघायचा. पोलरच्या पट्ट्याला दोन साइज येतात, एक बारीक अंगाच्यांसाठी आणि एक मध्यम ते जाड. बऱ्याच स्वस्त पट्ट्यांना मात्र एकच साइज असते आणि लिहिलेलं असतं सगळ्यांना बसेल. सगळ्यांना बसत नाही. आमच्याकडं शाळेतल्या मुली पळायला येतात, अंगाने अगदी काटक, त्यांच्या छातीवर हा एक साइजवाला पट्टा शेवटपर्यंत आवळला तरी खाली कमरेकडं घसरतो, आणि घट्ट करायची कडी फिरत फिरत पार इलेक्ट्रोडच्या तोंडाशी येते मग तिथं कातडीचा संपर्कच तुटतो. उलट जाड अंगाच्या माणसाने छोटा पट्टा ताणून बसवला तर इलास्टिक सगळं संपलेलं असतं, श्वास भरला की ताणायला जागाच उरत नाही, बरगड्यांवर दाब येतो आणि माणूस दोन राऊंडनंतर ते काढून खिशात टाकतो.

माझं मत विचाराल तर माप दोन साइजच्या सीमेवर येत असेल तेव्हा जी साइज घातल्यावर कडी साधारण मध्यावर राहते ती घ्या, आणि नंतर आणखी आवळायला जागा शिल्लक आहे का ते बघा. इलास्टिक वापराने सैल होतंच, घामाने, धुण्याने, उन्हात वाळवण्याने, त्यामुळे आज पहिल्याच दिवशी पूर्ण आवळावा लागणारा पट्टा पुढच्या वर्षी निरुपयोगी होणार.

आमच्या शेजारच्या आक्का आयुष्यभर टॉवेलच्या कारखान्यात होत्या, त्यांच्या हातात मी दोन वेगवेगळे पट्टे दिले आणि म्हटलं आक्का, तुम्ही बघा बरं यातला कुठला टिकेल. त्यांना हार्ट रेट वगैरेशी काही देणंघेणं नाही, पण त्यांनी पट्टा ताणला, सोडला, परत ताणला, परत सोडला, आणि टेबलावर आधीच्या मापाशी लावून बघितला. मग कडेवर बोट फिरवून म्हणाल्या, "ह्याची कड बघ पोरी, नुसती कापून चिकटवलीय, महिन्यात दोरे सुटतील. हा विणलेला आहे, हा राहील." मग हुकाकडं वळल्या, हूक कातडीला टेकतो त्या बाजूला मागं कापड दुमडून शिवलंय का बघितलं. नसेल तर तिथंच घासून लाल होणार म्हणाल्या. हे तीन मिनिटांचं परीक्षण कुठल्याही रिव्ह्यूमध्ये मला वाचायला मिळालं नव्हतं. आपल्या गावात अशी हजारो माणसं आहेत ज्यांना कापड बोटाने कळतं, चादरी आणि टॉवेलवर गाव उभं राहिलंय, तर पट्टा घेतल्यावर घरातल्या अशा जाणत्या माणसाला एकदा दाखवा खरंच.

तर पट्टा निवडताना त्यांची रीत वापरा. ताणून सोडल्यावर पूर्ण मूळ लांबीवर येतोय का. कडा विणलेल्या आहेत का. हुकाच्या मागं कापड आहे का. इलेक्ट्रोड मऊ आहेत का, पट्टा वाकवला की तेही वाकतात का. जुन्या पद्धतीचे जे कडक प्लास्टिकचे पट्टे असतात, त्यात पुढचा भाग वाकत नाही, ते रुंद छातीला चालतात पण बारीक माणसाच्या छातीच्या गोलाईवर कडेकडेने उचलले जातात. आणि आणखी एक, काही लोकांच्या छातीच्या मधल्या हाडाच्या जागी थोडा खळगा असतो, तिथं पट्टा वरचेवर राहतो. अशांनी पॉड, म्हणजे पट्ट्याच्या पुढं बटणांनी अडकणारी सेन्सरची डबी, मधोमध न ठेवता थोडासा डावीकडं सरकवून बघावा, बऱ्याचदा लगेच फरक पडतो.

किती घट्ट? पट्टा घालून बोट आत घाला, बोट जायला पाहिजे पण सहज फिरायला नको. मग पूर्ण श्वास भरा, अडकल्यासारखं वाटलं तर एक घर सैल. मग जागच्या जागी दहाबारा उड्या मारा, हात वर करून दोन्ही बाजूंना वळा, खाली वाकून बुटाची नाडी बांधा. पट्टा होता तिथंच राहिला तर झालं. व्यायाम संपल्यावर कातडीवर हलकी खूण उमटते ती ठीक आहे, ती थोड्या वेळात जाते. खोल वळ राहत असेल, दुखत असेल, खाज सुटत असेल तर घट्ट आहे किंवा पट्ट्याचं मटेरियल तुम्हाला सोसत नाहीये.

बायकांसाठी थोडं वेगळं लिहिते कारण याविषयी मराठीत कोणी बोलतच नाही, आणि दुकानात विचारायची सोय नसते. स्पोर्ट्स ब्राचा खालचा पट्टा आणि हा पट्टा एकाच जागेवर येतात. दोन्ही एकावर एक आवळले तर श्वास घ्यायला त्रास होतो. त्यामुळे मॉनिटर आतून कातडीवर आणि ब्राचा पट्टा त्याच्या वरच्या अर्ध्या भागावर असा ठेवायचा, म्हणजे ब्राच त्याला धरून ठेवते आणि मॉनिटर स्वतः फार आवळावा लागत नाही. तारवाली ब्रा यासोबत नको, तार इलेक्ट्रोडला उचलते. पट्ट्याचं माप घेताना जी ब्रा घालून पळणार तीच घालून घ्या. मंगळसूत्र लांब असेल तर ते पळताना पॉडवर आपटत राहतं, एकतर आत खोचा किंवा छोटं घाला. पंजाबी ड्रेसवर चालायला येणाऱ्या वहिनी मला विचारतात बाहेरून दिसेल का, तर नाही, ओढणीचीसुद्धा गरज नाही, कुणाला कळत नाही. फक्त घरूनच घालून निघा, मैदानावर घालायला आडोसा नसतो. आता ब्रालाच क्लिप करायचे सेन्सरही आलेत, गार्मिनने २०२४ मध्ये एक काढला, पण त्यातही तीच अट, ब्राचा पट्टा घट्ट आणि नीट मापाचा पाहिजे, सैल झालेल्या ब्रावर तो काही करू शकत नाही.

आणि ज्यांना छातीवर काहीही बांधणं नकोच आहे, बाळाला दूध पाजणाऱ्या, ऑपरेशन झालेल्या, किंवा ज्यांना बरगड्यांवर दाब आला की अस्वस्थ होतं, त्यांनी मन मारून पट्टा घ्यायची काही गरज नाही. दंडावरचा पट्टा घ्या. हा मला फार आवडतो आणि आपल्याकडं फार कमी लोकांना माहीत आहे. आत तोच हिरवा प्रकाश, पण दंडावर किंवा कोपराच्या खालच्या भरीव भागावर मांस जास्त, हाडं कमी, हालचाल मनगटापेक्षा कमी, त्यामुळे आकडे मनगटापेक्षा स्थिर येतात. पोलरचा व्हेरिटी सेन्स आहे, कूस्पोचे आहेत. इथंही माप घ्या, दंडाला हात सैल सोडून आणि मूठ आवळून, दोन्ही. सेन्सर दंडाच्या बाहेरच्या किंवा आतल्या मऊ बाजूला, थेट हाडावर नको. टी-शर्टची बाही सेन्सरखाली अडकायला नको, एवढं सांभाळलं की झालं.

मनगटी घड्याळावर येते, कारण खरं सांगायचं तर आपल्यातल्या निम्म्या लोकांकडं तेच आहे. घड्याळ मनगटाच्या हाडावर नको, हाडापासून एक-दोन बोटं वर, कोपराच्या दिशेला सरकवून, आणि रोजच्यापेक्षा एक भोक घट्ट. व्यायाम झाला की परत सैल करा, घाम आत साचून पुरळ येतं. सिलिकॉनच्या पट्ट्याला ठराविक अंतरावर भोकं, त्यामुळे एका भोकात सैल आणि पुढच्या भोकात घट्ट अशी पंचाईत होते, तिथं वेल्क्रोचा किंवा ताणणारा कापडी पट्टा बदलून घ्या, स्वस्तात मिळतो आणि फरक लगेच दिसतो. बारीक मनगटाच्या बायकांनी मोठ्या डायलचं घड्याळ घेऊच नये, डायल मनगटाच्या दोन्ही बाजूंनी बाहेर येतं, खालून उजेड शिरतो. आणि हातात बांगड्या असतील तर घड्याळ दुसऱ्या हातात.

आक्कांच्या पिढीतल्या बायकांच्या हातावर गोंदण असतं. त्या गोंदणाच्या शाईवर सेन्सर आला तर तो नीट वाचत नाही, शाई प्रकाश अडवते, आजकाल पोरं मनगटभर टॅटू काढतात त्यांचंही तेच. अशा वेळी दुसरा हात, नाहीतर सरळ छातीचा पट्टा, त्याला शाईचं काही पडलेलं नसतं कारण तो वीज मोजतो.

पळणाऱ्यांना मनगटी घड्याळाचा आणखी एक त्रास होतो. मैदानावर एक पोरगा हळूहळू जॉगिंग करत होता, गप्पा मारत होता, आणि मित्राला दाखवून म्हणत होता, "बघ बे, एकशे पंच्याहत्तर दाखवलालंय, मला तर काहीच होईना." त्याला काहीही झालेलं नव्हतं, घड्याळ सैल होतं आणि ते ठोक्यांऐवजी त्याची पावलं मोजत होतं. पळताना मिनिटाला साधारण १६० ते १८० पावलं पडतात, हात त्याच तालात हलतो, आणि सैल घड्याळ त्या तालालाच नाडी समजतं. तुमचा हार्ट रेट आणि पावलांचा आकडा बराच वेळ हातात हात घालून चालत असेल तर संशय घ्या, थांबा, घड्याळ वर सरकवा, घट्ट करा. जिममध्ये डंबेल धरला की मनगट वाकतं, सायकलचं हँडल घट्ट धरलं की तसंच, तिथंही मनगटी आकडा भरवशाचा नाही. रविवारी सायकलवाले अक्कलकोटकडं किंवा तुळजापूरकडं जातात त्यांनी तर छातीचा पट्टा किंवा दंडाचाच घ्यावा. तुळजापूरच्या घाटात चढताना ठोके भराभर वाढतात, छातीचा पट्टा ते लगेच दाखवतो, मनगटी घड्याळ मागून येतं.

नुसतं चालणाऱ्यांसाठी मात्र, सिद्धेश्वर तलावाच्या बाजूने किंवा विजापूर रोडला कंबर तलावाकडं संथ फिरणाऱ्यांसाठी, नीट बांधलेलं मनगटी घड्याळ पुरेसं आहे. त्यांनी पट्ट्यावर पैसे घालू नयेत असंच मी सांगते.

आता आपल्या हवेचं. सोलापूरचा उन्हाळा कोरडा, घाम येतो आणि लगेच उडून जातो, मीठ तेवढं अंगावर राहतं. थंडीत सकाळी तर कातडी अगदी कोरडी. छातीच्या पट्ट्याला ओलावा लागतो, म्हणून घालायच्या आधी इलेक्ट्रोड पाण्याने चांगले ओले करा, नुसतं बोट फिरवून नाही, पाण्याखाली धरून. पाणी सुकून जात असेल तर मेडिकलमध्ये ईसीजीचं किंवा सोनोग्राफीचं जेल मिळतं, थोडंसं लावा, बराच वेळ टिकतं. छातीवर दाट केस असतील तर जेलशिवाय पर्यायच नाही, किंवा तेवढी पट्टी साफ करा.

थंडीत आणखी एक गंमत होते, सुरुवातीची काही मिनिटं पट्टा एकदम २०० च्या वर आकडे दाखवतो आणि घाम आला की आपोआप शहाणा होतो. नवीन माणूस घाबरतो. ते बहुतेक वेळा पॉलिस्टरच्या सैल टी-शर्टमुळं असतं, कोरड्या हवेत कापड अंगावर फडफडत घासलं की स्थिर वीज तयार होते आणि तो नाजूक सिग्नल तिच्यात बुडतो. टी-शर्ट थोडा अंगासरशी घाला किंवा सुती घाला, इलेक्ट्रोड ओले करा, पाच मिनिटं वॉर्मअप करा, बंद होतं. पण छातीत धडधड जाणवत असेल, चक्कर येत असेल, दुखत असेल तर हे सगळं विसरा, थांबा आणि डॉक्टरकडं जा, तिथं पट्ट्याचा दोष शोधत बसायचं नाही.

उन्हाळ्यात त्याच वेगाला ठोके जास्त पडतात हेही लक्षात ठेवा. अंग थंड ठेवायला रक्त कातडीकडं जातं, घामाने पाणी कमी होतं, मग हृदयाला तेवढ्याच कामासाठी जास्त ठोके मारावे लागतात. एप्रिल-मे मध्ये सातनंतर पळताना आकडा वर वर सरकत जातो तो पट्टा बिघडलाय म्हणून नाही. वेग कमी करायचा.

लांब पल्ल्याला फिटिंगची खरी परीक्षा होते. कोजागरीला सोलापुरातून तुळजापूरला चालत जाणारे हजारो लोक असतात, चाळीसेक किलोमीटरच्या वर रात्रभर चालणं, त्यात आता पट्टा बांधून जाणारेही दिसतात. दोन राऊंडला अजिबात न टोचणारा पट्टा सहासात तासांनी कातडी सोलून काढतो. पट्ट्याच्या कडा जिथं घासतात तिथं व्हॅसलीन लावा, पण इलेक्ट्रोडच्या खाली अजिबात नको, तेलकट थर आला की सिग्नल गेला. आणि नवा कोरा पट्टा त्या रात्री पहिल्यांदा बांधू नका.

घरातल्या मोठ्या माणसांसाठी घेत असाल तर हे नीट वाचा. माझ्या सासऱ्यांची अँजिओप्लास्टी झालीय, त्यांना रोज चालायला सांगितलंय, आणि त्यांच्या गोळ्यांमध्ये बीटा ब्लॉकर आहे. ही गोळी ठोके फारसे वाढू देत नाही. अशा माणसाने जास्तीत जास्त ठोक्यांचा अंदाज देणारं २२० वजा वय हे गणित लावून ठोके तिथपर्यंत न्यायचा प्रयत्न करणं धोक्याचं आहे, त्यांचं लक्ष्य त्यांच्या डॉक्टरनेच सांगायचं. पेसमेकर असेल तर छातीचा पट्टा घ्यायच्या आधी डॉक्टरला विचारायचं, हे बॉक्समधल्या कागदावरसुद्धा लिहिलेलं असतं. ठोके अनियमित असतील तर प्रकाशाचे सेन्सर गोंधळतात. आणि सासऱ्यांच्या वयाच्या माणसाला सकाळी उठून पट्टा ओला करा, हूक मागं लावा, हे जमत नाही, खांदे तेवढे मागं जात नाहीत. हूक पुढं लावून मग फिरवायचा असतो किंवा बाजूला हूक असलेला पट्टा बघायचा. त्यांच्यासाठी आम्ही दंडाचाच घेतला, वेल्क्रोचा, ते स्वतः एका हाताने लावतात.

ते २२० वजा वय बाकीच्यांसाठीही अंदाजच आहे. ४५ वर्षांच्या माणसाला ते १७५ देतं. २००१ मध्ये तनाका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसरं गणित मांडलं, २०८ वजा वयाच्या ०.७ पट, त्याने ४५ ला साधारण १७६ येतं, पण ६० ला जुन्या गणिताने १६० आणि ह्याने १६६. आणि खऱ्या माणसात दहाबारा ठोके इकडंतिकडं अगदी नेहमीचं. म्हणून मी तर सांगते, आकड्यासोबत बोलून बघा. पूर्ण वाक्य न अडखळता बोलता येतंय म्हणजे सोपं चाललंय, दोन-तीन शब्दांत धाप लागतेय म्हणजे जोर आहे.

घरी आल्यावर तपासायचं कसं? शांत बसा, मनगटावर किंवा मानेशी दोन बोटांनी नाडी धरा, ३० सेकंद मोजा, दुप्पट करा, पट्ट्याच्या आकड्याशी ताडून बघा. मग जिना चढून या आणि लगेच परत. बसलेल्या माणसावर बहुतेक मॉनिटर बरोबर असतात, खरी गोष्ट हालचालीत कळते, त्यामुळे स्टेडियमच्या पायऱ्या भराभर चढा, वर थांबा, आकडा लगेच वर जातोय का आणि थांबल्यावर खाली येतोय का बघा. रेघ मध्येच सपाट झाली, एकदम खाली पडली, किंवा उगीच उंच टोक आलं, तर आधी फिटिंग, मग ओलावा, मग बॅटरी, ह्या क्रमाने बघा. हे सगळं परत करायच्या मुदतीत करा. आणि ऑर्डर करायच्या आधीच बघून ठेवा की अंगाला लागणारी वस्तू ते परत घेतात का, काही विक्रेते एकदा पाकीट फोडलं की घेत नाहीत. माप आधी घेतलेलं असेल तर ही वेळ येतच नाही बहुतेक.

पट्टा आकडे कशाने पाठवतो, ब्लूटूथ की अँट प्लस, ह्यावर लोक फार वेळ घालवतात. फोनसाठी ब्लूटूथ, सायकलच्या कॉम्प्युटरला आणि काही स्पोर्ट्स वॉचला अँट प्लस, हल्लीच्या बहुतेक पट्ट्यांत दोन्ही असतं. संपलं.

धुण्याबद्दल मात्र बोलायचंय कारण इथंच चांगले पट्टे मरतात. व्यायाम झाला की पॉड काढा, प्रत्येक वेळी. ओल्या पट्ट्यावर पॉड तसाच राहिला तर त्याला वाटतं अजून माणूस आत आहे, तो चालूच राहतो आणि बॅटरी संपते. पट्टा साध्या पाण्यात खळबळून घ्या, मीठ निघालं पाहिजे, आपल्याकडं नळाला पाणी रोज येत नाही पण ह्याला एक मग पुरतो. बोअरचं पाणी वापरत असाल तर ते जड असतं, पांढरा थर बसतो इलेक्ट्रोडवर, शेवटचा हात पिण्याच्या पाण्याचा द्या. अधूनमधून सौम्य साबण, ब्लीच नको, कम्फर्टसारखं काही नको, पिळायचा नाही, इस्त्री तर नाहीच, आणि गच्चीवर कडक उन्हात टाकायचा नाही, सावलीत पसरून. बॅटरी बहुतेक पट्ट्यांत साधी बटण सेल असते, घड्याळवाल्याकडं नव्या पेठेत कुठंही मिळते, फक्त झाकण लावताना आतली रबराची रिंग नीट बसवा नाहीतर घाम आत जातो.

आणि पट्टा सैल झाला म्हणून पूर्ण मॉनिटर टाकून देऊ नका, पॉड बरीच वर्षं चालतो, नुसता पट्टा वेगळा विकत मिळतो. तो घेताना पॉड अडकतो त्या दोन बटणांमधलं अंतर जुन्या पट्ट्यावर मोजून घ्या आणि नव्याच्या माहितीशी जुळवा, सगळ्या कंपन्यांची बटणं एकमेकांत बसतातच असं नाही. छातीचंही माप परत घ्या. वजन कमी झालेलं असतं बऱ्याच जणांचं तोपर्यंत, आणि मग साइज एक खाली येते.